धागा: पस्तीस हजार फुटांवर शांत हवेत विमान एकदम तिरकं का झालं?

खिडकीवाला (धागाकर्ता)

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात लांबच्या फ्लाइटला होतो. खिडकीची सीट, खाली समुद्र, ढगाचा ठिपका नाही, हवा इतकी शांत की समोरच्या ट्रेवर पेन उभं राहिलं असतं. सीटबेल्टचा दिवा कधीच विझलेला. मी बाहेर बघत होतो तर समोरून वरच्या अंगाला एक विमान आलं, आलं आलं म्हणेपर्यंत डोक्यावरून गेलंसुद्धा, मागे जाडजूड पांढरी रेघ. मी शेजारच्याला दाखवणार तेवढ्यात, म्हणजे अगदी तेवढ्यात नाही, मधे थोडा वेळ गेला असेल, धप्पकन एक दणका आणि विमान डावीकडे कलंडलं. नेहमीचा खडखडाट नाही, कोणीतरी पंख धरून पिळल्यासारखं. मग उजवीकडे, मग सरळ. सगळं मिळून पाचसहा सेकंद. मागे दोघंजण टॉयलेटच्या रांगेत होते ते एकमेकांवर पडले, एअर होस्टेसने ट्रॉलीला मिठी मारली. आणि परत तीच शांत हवा, जणू काही झालंच नाही!

नंतर कॅप्टन बोलले की वरून गेलेल्या मोठ्या विमानाच्या मागची हवा लागली, काळजीचं कारण नाही. मला काळजीपेक्षा प्रश्नच जास्त पडलेत. ते विमान आमच्यापेक्षा हजार फूट वर होतं ना? मग त्याची हवा खाली आमच्यापर्यंत आली कशी? आणि येते हे माहीत असेल तर हजार फुटांचंच अंतर का ठेवतात?

ढगोबा

एअर पॉकेट असणार. माझ्या काकांच्या बाबतीत पण झालेलं, दोनशे फूट खाली गेलं विमान.

उजवीसीट

ढगोबा, एअर पॉकेट नावाची वस्तू आकाशात नसते हो :) हवेला खिसे नसतात, सगळीकडे हवाच असते, फक्त ती कुठे वर चाललेली असते, कुठे खाली, कुठे गोल गोल. धागाकर्त्याला लागली ती गोल गोलवाली.

मी जेट उडवतो (नावावरून कळलं असेल, उजव्या म्हणजे को-पायलटच्या सीटवर बसून), तर जमेल तसं सांगतो. विमान हवेवर तरंगत नाही, हवा सतत खाली ढकलत राहतं म्हणून वर टिकतं. पंखाखाली दाब जास्त, पंखावर कमी, आणि पंखाच्या टोकाला जिथे पंख संपतो तिथे खालची हवा संधी साधून वळसा घालून वर यायला बघते. प्रत्येक पंखामागे असा एक पिळ तयार होतो, डावीकडचा एका दिशेला फिरणारा, उजवीकडचा उलट दिशेला. हे दोन आडवे भोवरे विमानामागे मैलोन्‌मैल पसरलेले असतात. बघायचं असेल तर पाण्याच्या टबात हाताचा पंजा उभा, अर्धा बुडवून थोडासा ओढा आणि झटकन बाहेर काढा, दोन बाजूंना दोन भोवरे पुढे सरकताना दिसतील. तेच हे, फक्त आडवं.

आता खाली का येतात? दोन्ही भोवऱ्यांच्या मधली हवा खालच्या दिशेने वाहत असते आणि प्रत्येक भोवरा दुसऱ्याला खाली ढकलतो. दोघं एकमेकांचा हात धरून जिना उतरल्यासारखे उतरतात, मोठ्या विमानाचे मिनिटाला तीनशे ते पाचशे फूट. म्हणजे हजार फूट खालचा मजला काही फार लांब नाही.

तुम्ही पाहिलेली पांढरी रेघ हाच पुरावा आहे. इंजिनातून निघालेली वाफ गोठून रेघ होते आणि त्यातली बरीचशी या भोवऱ्यांत अडकून त्यांच्यासोबत खाली येते.

दीर्घिका

एक शंका. मी वाचलंय की वेक टर्ब्युलन्स, म्हणजे विमानामागची ही भोवऱ्यांची खळबळ, सगळ्यात जोरदार असतो तो विमान जड आणि हळू असताना, म्हणजे टेकऑफ लँडिंगला. वर तर विमान तिप्पट वेगाने चाललेलं असतं, मग वर तो फुसका नको का असायला?

बेरीजवजाबाकी

दीर्घिका, प्रश्न एकदम बरोबर आहे आणि बहुतेक लोक इथेच फसतात, मी पण फसलो होतो.

भोवऱ्याची ताकद कशावर ठरते बघ: वरती विमानाचं वजन, खाली भागायला तीन गोष्टी, हवेची घनता, विमानाचा वेग आणि पंखांचा पसारा. वेग वाढला की ताकद कमी, हे खरंच. पण पस्तीस हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ३१ टक्के असते. लँडिंगला वेग धर १४० नॉट (म्हणजे ताशी नॉटिकल मैल), वर धर ४८० नॉट, म्हणजे साधारण ३.४ पट. आता ०.३१ गुणिले ३.४ कर. १.०५! वेगाने जे कमावलं ते विरळ हवेने सगळं खाल्लं. म्हणजे तेच विमान तेवढ्याच वजनाचं असेल तर वरचा भोवरा आणि लँडिंगचा भोवरा जवळपास सारख्याच ताकदीचे. आणि वजन तरी सारखं कुठे असतं, प्रवासाच्या सुरुवातीला टाक्या भरलेल्या असतात, उतरताना रिकाम्या.

अजून एक हिशोब. मिनिटाला ४०० फूट धरलं तर हजार फूट उतरायला अडीच मिनिटं. अडीच मिनिटांत ४८० नॉटवालं विमान वीस नॉटिकल मैल पुढे गेलेलं असतं. म्हणजे हजार फूट खालून त्याच रस्त्याने मागे येणाऱ्याला भोवरा भेटायचाच असेल तर पुढचं विमान वीस मैलांवर असताना भेटेल. इतक्या लांबचं विमान, कोणाला वाटणार की याचा आपल्याशी काही संबंध आहे!

उजवीसीट

बेरीजवजाबाकी, मानलं. तुमचा वीस मैलांचा आकडा नुसता कागदावरचा नाही. २०१८ च्या जूनमधे लॉस एंजेलिसहून ऑस्ट्रेलियाला निघालेल्या क्वांटासच्या एका ए३८० ला तिच्याच कंपनीच्या, पुढे गेलेल्या ए३८० चा भोवरा लागला. दोन्ही विमानांत साधारण वीस मैल आणि हजार फूट अंतर होतं. प्रवाशांना वाटलं विमान नाक खाली घालून कोसळतंय, दहाएक सेकंदांचा खेळ. कोणाला काही झालं नाही, पण विचार करा, जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी विमान, आणि त्याला सुद्धा जाणवलं.

नुसतीवाचक

बापरे. मी पुढच्या आठवड्यात उडणारे आणि हा धागा आजच वर यायचा होता.

निवृत्त_टॉवर

नुसतीवाचक, घाबरू नका, पूर्ण वाचा. मी आयुष्यभर कंट्रोलर होतो, बरीच वर्षं एरिया कंट्रोलमधे, म्हणजे वरच्या उंचीवरची विमानं बघायची. धागाकर्त्याच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

विमानतळाजवळ आम्ही वेकसाठी वेगळं अंतर ठेवतो. विमानांचे वजनाप्रमाणे वर्ग आहेत, लाइट म्हणजे ७ टनांपर्यंत, त्यावर मीडियम, १३६ टन आणि वर हेवी, आणि ए३८० आल्यावर त्याच्यासाठी सुपर असा खास वर्ग काढला. म्हणून रेडिओवर पायलट कॉलसाइनला, म्हणजे विमानाच्या रेडिओवरच्या नावाला, 'हेवी' किंवा 'सुपर' जोडतात. हेवीच्या मागे मीडियम उतरत असेल तर ५ मैल, सुपरच्या मागे असेल तर ७ मैल. हे नियम फुकट आलेले नाहीत, १९७२ मधे अमेरिकेत फोर्ट वर्थजवळ मोठ्या डीसी-१० च्या मागे उतरणारं छोटं डीसी-९ उलटं होऊन पडलं, चौघे गेले, त्यानंतर अंतरं वाढवली.

पण वर क्रूझला, म्हणजे उंचीवर सरळ चाललेलं असताना, असा वजनाप्रमाणे हिशोब नाही. हजार फूट उभं अंतर असलं की झालं, मग वर कोणी का असेना. आधी लेव्हल २९०, म्हणजे २९ हजार फुटांच्या वर दोन हजार फूट ठेवायचे, कारण तेव्हाचे उंचीमापक तेवढे भरवशाचे नव्हते. यंत्रं सुधारली तसं ते हजारावर आणलं, उत्तर अटलांटिकवर १९९७ पासून, युरोपात २००२, अमेरिकेत २००५. एका दगडात किती पक्षी: जास्त विमानं मावली, सगळ्यांना सोयीची उंची मिळाली, इंधन वाचलं. ते हजार फूट ठरले धडक टाळायला, वेक मोजून नव्हे. धडकेसाठी ते भरपूर आहेत, हे मी छातीठोक सांगेन.

आणि एक गंमत, गंमत म्हणजे काय, कपाळाला हात लावायची गोष्ट. पूर्वी नॅव्हिगेशन ढोबळ होतं, एकाच रूटवरची विमानं खरं म्हणजे मैल दीड मैल इकडे तिकडे असायची, आपोआप विखुरलेली. आता जीपीएसमुळे सगळी एकाच अदृश्य दोरीवर ओवल्यासारखी, वरचा नेमका खालच्याच्या डोक्यावर. अचूकतेनेच ही पंचाईत केली.

खिडकीवाला

साहेब, हे भारीच. म्हणजे मुद्दाम थोडं चुकीचं उडायला पाहिजे?

उजवीसीट

हाहा, तसंच करतो आम्ही! महासागरावर जिथे परवानगी आहे तिथे रूटच्या मधल्या रेषेपासून उजवीकडे दोन मैलांपर्यंत सरकून उडता येतं, मैलाच्या दहाव्या भागाच्या पटीत. फक्त उजवीकडे, डावीकडे नाही, म्हणजे समोरून येणारा पण त्याच्या उजवीकडे सरकला की दोघं आणखी लांब. कोणाला विचारावं लागत नाही. रडारच्या नजरेखाली असताना मात्र कंट्रोलरला विचारून घ्यावं लागतं, आणि वाऱ्याचा विचार करून मागायचं, कारण भोवरे वाऱ्याबरोबर वाहत जातात, सरकायचं ते वारा येतो त्या बाजूला. चुकून वाऱ्याच्या दिशेने सरकलो तर भोवऱ्याच्या स्वागतालाच गेलो की.

ढगोबा

बरं मान्य, एअर पॉकेट नाही :) पण मग रोज हजारो विमानं एकमेकांखालून जातात, सगळ्यांना का नाही लागत?

बेरीजवजाबाकी

कारण भोवरा बारीक असतो आणि आकाश मोठं. गाभा काही मीटरचा, त्याच्या भोवतीचा जोरदार भाग पाचपन्नास मीटर. वारा जरा आडवा असला तर हजार फूट उतरेपर्यंत तो बाजूला वाहून गेलेला असतो.

आणि मुख्य म्हणजे भोवरा मरतो. हवेत आधीच खळबळ असेल तर लवकर मरतो. नाहीतर दोन समांतर भोवरे नागमोडी व्हायला लागतात, ती नागमोड वाढत जाते, मग जिथे ते एकमेकांच्या जवळ येतात तिथे जोडले जाऊन त्यांची वेगवेगळी कडी होतात आणि कडी विरून जातात. याचं गणित क्रो नावाच्या शास्त्रज्ञाने १९७० मधे मांडलं, म्हणून क्रो इन्स्टॅबिलिटी.

म्हणजे धागाकर्त्याला जे विचित्र वाटलं की हवा इतकी शांत असताना कसं काय, ते उलटं आहे, हवा शांत होती म्हणूनच झालं. खवळलेल्या हवेत तो भोवरा तुमच्यापर्यंत पोचलाच नसता.

दीर्घिका

हे वाक्य चारदा वाचलं. शांत हवा म्हणजे सेफ हे डोक्यातून काढायला वेळ लागणार. यात कधी खरंच मोठं काही झालंय का? क्रूझमधे म्हणतेय, लँडिंगचं नको.

उजवीसीट

झालंय. आमच्याकडे ट्रेनिंगमधे हमखास निघणारी घटना, ७ जानेवारी २०१७, अरबी समुद्रावर. चॅलेंजर ६०४ नावाचं छोटं बिझनेस जेट, मालेहून अबू धाबीला चाललेलं, आत नऊ माणसं, लेव्हल ३४०. समोरून दुबईहून सिडनीला जाणारा एमिरेट्सचा ए३८०, लेव्हल ३५०. बरोबर हजार फूट, नियमाप्रमाणे, कोणाचीच चूक नाही. एकमेकांना ओलांडल्यावर मिनिटभराच्या आत छोट्या जेटला भोवरा लागला आणि ते उलटंपालटं झालं, वैमानिकांच्या सांगण्याप्रमाणे एकदा नाही, अनेकदा पूर्ण गिरकी. नऊ हजार फुटांच्या आसपास उंची गेली, नॅव्हिगेशनची यंत्रं बोंबलली, एक इंजिन बंद करावं लागलं. वैमानिकांनी सावरलं, इंजिन परत सुरू केलं आणि मस्कतला उतरवलं. केबिनची पार वाट लागलेली, काही प्रवाशांना चांगलंच लागलेलं. आणि विमान? त्या झटापटीत सांगाड्यावर मर्यादेपलीकडचा भार आलेला, दुरुस्तीच्या पलीकडे गेलं, भंगारात काढलं.

वजनं बघा. ए३८० भरून निघाला तर ५७५ टनांपर्यंत, पंख जवळपास ८० मीटर. चॅलेंजर भरला तरी २२ टनांच्या आत. छोट्याचे पंख अख्खेच्या अख्खे भोवऱ्यात मावतात, एक पंख वर उचलला जातो, दुसरा खाली दाबला जातो, आणि एलेरॉन (पंखांवरच्या, विमान डावंउजवं कलवणाऱ्या झडपा) पूर्ण दिले तरी वैमानिक भोवऱ्याशी झुंज हरतो. मोठ्या विमानाच्या पंखाचा थोडाच भाग भोवऱ्यात सापडतो म्हणून त्याला नुसता धक्का. त्याच वर्षी युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने क्रूझमधल्या वेकबद्दल वेगळं पत्रक काढलं.

निवृत्त_टॉवर

२००८ चं एअर कॅनडा पण सांगा. जानेवारीतच, १० तारीख. व्हिक्टोरियाहून टोरांटोला जाणारं ए३१९, दहा अकरा मैल पुढे एक ७४७ जंबो जेट, आणि हे त्याच्या मागे वर चढत होतं. ५५ अंशांपर्यंत कललं, बेल्ट न लावलेले छताला आपटले, कॅलगरीला उतरवावं लागलं.

उजवीसीट

हो साहेब, आणि त्यातला आमच्या कामाचा धडा वेगळा. तपासात निघालं की भोवऱ्याचा दणका होताच पण त्यानंतर जे डावं उजवं डावं उजवं झालं त्यात पायाने दिलेल्या रडरचा, म्हणजे उभ्या शेपटीवरच्या सुकाणूचा, हात होता. माणूस घाबरला की पाय चालतात. २००१ मधे न्यूयॉर्कहून निघालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या ए३०० ला पुढच्या ७४७ चा वेक लागला, तो काही जीवघेणा नव्हता, पण को-पायलटने रडर एकदा इकडे एकदा तिकडे असं पूर्ण दाबलं आणि उभं शेपूटच तुटलं. विमानातले २६०, जमिनीवरचे ५. ते टेकऑफनंतरचं आहे, क्रूझचं नाही, दीर्घिका माफ करा, पण त्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

म्हणून आम्हाला घोकून घेतलंय: ऑटोपायलट लावलेला असेल तर तो काढू नका, पाय पेडलवर आपटू नका, भोवरा बहुधा काही सेकंदांत तुम्हाला बाहेर फेकतो, मग शांतपणे पंख सरळ करा. काहीच न करणं हे शिकायला सगळ्यात अवघड आहे राव. हात शिवशिवतात.

खिडकीवाला

आमच्यावेळी पण डावीकडे उजवीकडे झालं, म्हणजे आमच्या पायलटने...?

उजवीसीट

नाही नाही, इतका लगेच संशय नको :) दोन भोवरे असतात ना, एका दिशेचा आणि उलट दिशेचा. तिरके घुसलात तर आधी एक लागतो मग दुसरा. अगदी काटकोनात ओलांडलात तर कलंडत नाही, स्पीडब्रेकरवरून गेल्यासारखे दोन दणके बसतात आणि संपलं. समांतर शिरलात तर खरा पिळ. पाचसहा सेकंदांत सरळ झालात म्हणजे बहुतेक ऑटोपायलटनेच निभावलं.

ढगोबा

अवांतर: पक्षी व्ही आकारात उडतात ते याच भोवऱ्यांचा फायदा घ्यायला ना? मग विमानांनी का नाही घ्यायचा?

बेरीजवजाबाकी

अवांतर कसलं, मुद्द्याचं आहे. भोवऱ्याच्या आतल्या बाजूला हवा खाली जाते पण बाहेरच्या बाजूला वर येते. मागचा पक्षी त्या वर येणाऱ्या हवेत पंख ठेवतो. एअरबसने नोव्हेंबर २०२१ मधे दोन ए३५० तुलूझहून माँट्रियलला नेली, मागचं पुढच्याच्या तीन किलोमीटर मागे, वरच्या झोतात बसवलेलं. सहा टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड वाचला, लांबच्या प्रवासात पाच टक्क्यांच्या वर इंधन वाचू शकतं असं त्यांचं म्हणणं. अर्थात हे कॉम्प्युटरच्या भरवशावर, नेमकी जागा धरून. दहावीस मीटर इकडचं तिकडे आणि फुकटच्या लिफ्टच्या जागी दणका.

नुसतीवाचक

सगळं वाचलं. भीती कमी झाली की जास्त ते सांगता येईना. मी काय करू ते एका ओळीत सांगा.

निवृत्त_टॉवर

बसल्या जागी बेल्ट लावलेला ठेवा, दिवा विझला तरी, थोडा सैल चालेल. या प्रकारात विमान आधी कळवत नाही. नेहमीच्या टर्ब्युलन्सला पुढच्या विमानाचा रिपोर्ट असतो, ढग दिसतात, रडारवर दिसतं, याला काहीच नाही. पायलटच्या स्क्रीनवर वरचं विमान दिसतं पण त्याची शेपटी दिसत नाही.

नुसतीवाचक

जाऊन आले! जाताना येताना एक दणका नाही, बेल्ट मात्र टॉयलेटला सोडून काढला नाही.

पण सांगायचं वेगळंच. आल्यावर गच्चीत बसले होते आणि एक विमान रेघ काढत गेलं. एरवी बघितलं नसतं. नीट बघितलं तर रेघ एक नाही, दोन पदरी. मग ते पदर नागमोडी झाले, मग काही ठिकाणी चिकटले, आणि रेघेची मण्यांची माळ झाली, कडी कडी! मोबाइलवर वेळ लावला होता. डोक्यावरून गेल्यापासून कडी पडेपर्यंत १ मिनिट ५० सेकंद.

बेरीजवजाबाकी

वा!! म्हणजे मिनिटाला ४०० फुटांच्या हिशोबाने भोवरा तोपर्यंत सातशे फूट उतरला असणार. हवा शांत होती का?

नुसतीवाचक

इथे तर पान हलत नव्हतं.

निवृत्त_टॉवर

इथल्या पानाला तिथलं काही ठाऊक नसतं हो.

नुसतीवाचक

बरं. उद्या परत बसते, दुसऱ्या विमानाला लावून बघते.